ऐतिहासिक कादंबरी आणि पूर्वग्रहाचे आकलन : एका कथावस्तूची दोन रूपे

ऐतिहासिक कादंबरी वर्तमानावर प्रकाश टाकते असे आपण म्हणतो. परंतु तो कशामुळे पडतो याचा विचार क्वचितच होतो. भूतकाळातील प्रसंग आजच्यासारखा दिसला म्हणजे पुरे, ही समजूत अपुरी आहे. एकाच कथावस्तूच्या दोन जर्मन रूपांवरून हे स्पष्ट व्हावे.

योझेफ झ्युस ओपेनहायमर हा व्युर्टेंबेर्गचा ड्यूक कार्ल अलेक्झांडर याचा ज्यू अर्थसल्लागार होता. १७३७ मध्ये ड्यूक अकस्मात मरण पावताच त्याला अटक झाली व ४ फेब्रुवारी १७३८ रोजी श्टुटगार्टनजीक जाहीर फाशी देण्यात आली. राजवटीविषयी साचलेला रोष एका परधर्मीयावर रिता झाला.

लिऑन फॉइख्टवांगर यांच्या १९२५ मधील ‘यूद झ्युस’ या कादंबरीतील झ्युस निर्दोष नाही. तो धनलोभी व सत्ताकांक्षी आहे. मात्र ड्यूकच त्याच्या मुलीच्या मागे लागतो आणि त्यात तिचा अंत होतो. पुढे, आपला पिता ख्रिस्ती सरदार होता हे ठाऊक असूनही झ्युस प्राण वाचविण्यासाठी ते उघड करीत नाही. १९३३ मध्ये नाझींनी फॉइख्टवांगर यांची पुस्तके जाळली. ते परागंदा झाले.

१९४० मध्ये गोबेल्सच्या प्रेरणेने फाइट हार्लान याने त्याच नावाचा चित्रपट काढला. त्यात झ्युस ख्रिस्ती तरुणीवर अत्याचार करतो व ती पाण्यात जीव देते. हा चित्रपट एस. एस. व पोलीस दलांना दाखविण्याचा आदेश हिमलरने दिला.

ड्यूक तोच, वधस्तंभही तोच. बदलले आहे ते अपराधाचे स्थान. कादंबरीत सत्ताधीशाचा अपराध सत्ताधीशाकडेच राहतो. चित्रपटात तो ज्यू माणसाच्या, आणि त्याच्याद्वारा साऱ्या ज्यू समाजाच्या, स्वभावात नेऊन ठेवला जातो. पूर्वग्रहाची प्रक्रिया नेमकी हीच होय आणि हुकूमशाहीला तिचीच गरज असते.

कादंबरी हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीची आहे. म्हणजे ती त्याच्या राजवटीचे रूपक नव्हे. तरीही ती राजवट कळण्यास तिचे साहाय्य होते, कारण तिने साम्य न शोधता प्रक्रिया दाखविली. इतिहासाचा आधार दोन्ही कृतींना आहे. तेवढ्याने कृती सत्यनिष्ठ ठरत नाही. म्हणून आपल्या भाषेतील ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासकानेही ‘ही आजच्याशी जुळते काय?’ यापेक्षा ‘हिने अपराध कोणाच्या माथी ठेवला व का?’ हा प्रश्न आधी विचारावा.