जुना कॉम्प्युटर, नवे काळीज

आमच्या घरातला कॉम्प्युटर २००९ साली पतपेढीचे कर्ज काढून घेतलेला. त्या वेळी तो आणला तर शेजारपाजारची मुले दारात उभी राहून पाहत होती. सोळा वर्षांत त्याचे म्हातारपण आले. सकाळी बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे पडदा उजळायचा! तरी आम्ही चालवून घेत होतो. गरिबाच्या घरात वस्तू मोडेपर्यंत वापरायची असते.

परंतु २०२५ च्या आरंभी एक प्रसंग घडला. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. दाखले जोडता जोडता कॉम्प्युटर तीनदा बंद पडला. रात्री दहा वाजता बापलेक सायबर कॅफे शोधत फिरलो. अर्ज गेला, पण पोरीचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "पप्पा, अभ्यासाची भीती नाही वाटत, या डब्याची वाटते."

दुकानात चौकशी केली. नव्याचा आकडा बत्तीस हजार. माझ्यासारख्या कारकुनाने हा आकडा ऐकून वहीत लिहिला आणि वही मिटली.

दुखणे कोठे आहे?

माझा भाचा हार्डवेअरची कामे करतो. त्याने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाला, "मामा, सगळाच पेशंट गेलेला नाही. डोके आणि काळीज बदलू. हातपाय चांगले आहेत."

वाचक बंधू-भगिनींनो, कॉम्प्युटर म्हणजे एकच यंत्र नव्हे, ही गोष्ट मला सोळा वर्षांनी समजली. बाहेरचा पत्र्याचा डबा म्हणजे कॅबिनेट. आत मदरबोर्ड, त्यावर प्रोसेसर, शेजारी रॅम, माहिती साठवणारी हार्डडिस्क आणि वीज पुरवणारा एसएमपीएस. बोर्ड बसवण्याच्या भोकांची मापे १९९५ पासून 'एटीएक्स' या पद्धतीने ठरलेली आहेत. म्हणूनच जुन्या डब्यात पुढच्या पिढीचा बोर्ड बसतो. आमचे कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस तसेच राहिले.

मात्र प्रत्येक भाग प्रत्येकाला जुळत नाही. आमच्या जुन्या बोर्डावर डीडीआर-२ रॅम होती. नव्या बोर्डाला डीडीआर-३ लागते. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. जबरदस्ती केली तर खोबणी तुटते. प्रोसेसरचेही तसेच. आधी बोर्ड ठरवावा, मग त्याला चालणारा प्रोसेसर आणि रॅम घ्यावी.

बाजार आणि हिशेब

जून महिन्यात ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; परंतु लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. बीकॉम झालेला माणूस, खर्च मांडल्याशिवाय राहवत नाही:

जुना एच-६१ बोर्ड आणि आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर मिळून २,२०० रुपये. जुनी रॅम, ४ जीबीच्या दोन पट्ट्या, ९०० रुपये. नवी २५६ जीबी एसएसडी १,६०० रुपये. नवा एसएमपीएस ९०० रुपये. थर्मल पेस्ट आणि बोर्डावरचा बटणासारखा सेल १०० रुपये. एकूण ५,७०० रुपये.

काय जुने चालेल आणि काय नवेच घ्यावे, हे नीट लक्षात ठेवा. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, तो जुना चालतो. बोर्ड घेताना प्रोसेसरच्या जागेवरच्या बारीक पिना वाकलेल्या नाहीत ना, आणि कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, ते उजेडात पाहावे. एसएमपीएस मात्र नवाच घ्यावा. तो बिघडला तर बाकीचे भागही घेऊन जाऊ शकतो. एसएसडीही नवी घ्यावी. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, म्हणून वेगातला खरा फरक तिनेच पडतो.

बिल मात्र मागून घ्या. आम्ही आणलेल्या रॅमची एक पट्टी सदोष निघाली. मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला म्हणून कळले. चिठ्ठीवर 'आठ दिवसांत बदलून' असे लिहून घेतले होते, त्यामुळे पट्टी बदलून मिळाली.

रविवारची जोडणी

सर्वांत आधी जुन्या डिस्कवरचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. माझ्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो तेवढ्याच एका ठिकाणी होते. भाग पुन्हा मिळतात, ते फोटो मिळाले नसते.

मग वीज काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि कामाला लागलो. आई म्हणाली, "बीकॉम झालास आणि हातात पान्हा घेतलास होय रे?" मी म्हटले, "आई, पान्हा नाही, स्क्रूड्रायव्हर." ती हसली आणि मुलीला म्हणाली, "तू पण शिकून घे गं."

मग मुलीनेच पुढचे केले. प्रोसेसरच्या खाचा पाहून तो अलगद ठेवला. त्यावर मसुराच्या दाण्याएवढी पेस्ट लावून पंखा बसवला. रॅम 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली. बटण दाबले. पंखा फिरला, पडदा काळाच! घरात सगळे गप्प. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "प्रोसेसरजवळची चार पिनांची वायर लावली का?" राहिलीच होती. ती लावली आणि पडदा उजळला.

एक सूचना: एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वीज काढल्यावरही आत काही काळ भार राहतो.

विंडोज की लिनक्स?

जुन्यावर विंडोज सेव्हन होते. त्याचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज टेनचा नियमित मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज इलेव्हनसाठी असे जुने प्रोसेसर मान्य नाहीत. म्हणून आम्ही लिनक्स मिंट टाकले. ते फुकट आणि कायदेशीर आहे. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, पसंत पडले तर कायम टाकावे. लिब्रे ऑफिसमध्ये पत्र, तक्ता, हिशेब होतो, मराठीही टाइप करता येते. अडचण एकच. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. मुलगी तो सराव क्लासमध्ये करते.

उरलेल्याचे काय?

निघालेले भाग कचराकुंडीत टाकू नका. जुन्या बोर्डावर शिसे असते. तांब्यासाठी वायरी जाळणारी मुले आपल्याच वस्त्यांतली असतात, तो धूर त्यांच्याच छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा कचरा अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

आता बटण दाबल्यावर चहाला वेळच मिळत नाही. गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, "पप्पा, विहारातल्या अभ्यासिकेतला कॉम्प्युटर दोन वर्षे बंद आहे. रविवारी उघडून बघू या?"

स्क्रूड्रायव्हर तिने आधीच पिशवीत ठेवला होता.