जुळ्या रेणूची साक्ष

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तुमच्यापैकी काहीजण तरी गेले असतील. समजा, तेथे फळीवर एकाच साच्यातून काढलेल्या दोन मूर्ती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. सोंड तीच, मुकुट तोच, रंगही तोच. एक शाडूची आहे, दुसरी प्लास्टर ऑफ पॅरिसची. रंगकाम पूर्ण झाल्यावर नुसते पाहून कोणती कशाची हे सांगणे कठीण. पण उचलून पाहा! शाडूची मूर्ती लगेच हाताला जड लागते. रूप एक, वजन निराळे.

एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. माणसाच्या रक्तात एखादे औषध किती आहे हे अचूक मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ नेमकी हीच युक्ती वापरतात. औषधाच्या रेणूसारखाच दिसणारा, त्याच्यासारखाच वागणारा, पण वजनाने थोडा जड असा जुळा रेणू ते तयार करतात आणि त्याला साक्षीला उभा करतात.

या गोष्टीचे धागेदोरे रायगड जिल्ह्यातच सापडतात. पेण स्थानकाजवळ रुळांचे दोन फाटे फुटतात. एक मालगाड्यांचा मार्ग पश्चिमेकडे थळच्या खत कारखान्याकडे जातो. दुसरा मार्ग कासू, नागोठणे करीत रोह्याला पोहोचतो आणि तेथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्ये, कीटकनाशके आणि औषधांचा कच्चा माल तयार होतो. थळला काय तयार होते, ते पुढे पाहू. आधी औषधाची गोष्ट.

मोजायचे कशासाठी?

ताप जसा शरीराला येतो, तसे नैराश्य हाही एक आजार आहे. नुसते वाईट वाटणे आणि हा आजार यांत फरक आहे. या आजारात झोप उडते, भूक मरते, कशातच मन लागत नाही आणि हे आठवडेच्या आठवडे चालते. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील रोलंड कून या मनोविकारतज्ज्ञांनी इमिप्रामीन नावाचे एक औषध अशा रुग्णांना देऊन पाहिले आणि त्याचा गुण त्यांच्या लक्षात आला. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. नैराश्यावरील अगदी पहिल्या औषधांपैकी हे एक. त्यानंतर फ्लुऑक्सेटीनसारखी अनेक नवी औषधे आली. पण आपले उदाहरण समजायला इमिप्रामीन सोयीचे आहे.

या औषधाची एक अडचण आहे. दोन माणसांना अगदी सारखी गोळी दिली, तरी त्यांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण सारखे राहत नाही. यकृतातील काही विकरे औषधाचे विघटन करतात. कोणाची विकरे झपाट्याने काम करतात, कोणाची सावकाश. त्यामुळे एकाच मात्रेने रक्तातील प्रमाणात अनेक पटींचा फरक पडू शकतो. प्रमाण कमी पडले तर गुण येत नाही. फार वाढले तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

शरीरात इमिप्रामीनपासून डेसिप्रामीन हा दुसरा पदार्थ बनतो आणि तोही औषधाचेच काम करतो. म्हणून दोन्ही मिळून मोजतात. एक मिलिलिटर रक्तद्रवात ही बेरीज साधारण १७५ ते ३०० नॅनोग्रॅम असावी असे मानले जाते. रक्तद्रव म्हणजे रक्तातील पेशी वेगळ्या काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव. आणि नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक अब्जावा भाग! इतके सूक्ष्म वजन कोणत्या तराजूत करायचे?

वाटेतली गळती

त्यासाठी जे उपकरण वापरतात त्याला द्रव्यमान वर्णपटमापक म्हणतात. आपण त्याला नुसते मापक म्हणू. त्यात रेणूंना विद्युत्‌भार देतात आणि चार दांड्यांच्या मधल्या पोकळीतून धावायला लावतात. दांड्यांवरील विद्युत्‌दाब असा ठेवता येतो की, ठरावीक वजनाचेच रेणू पलीकडे पोहोचतात. बाकीचे वाटेत भरकटतात. पलीकडे पोहोचलेल्यांची नोंद होते.

मापक हुशार आहे. पण त्याच्यापर्यंत औषध पोहोचवणे हेच अवघड काम. रक्तद्रवात प्रथिने, स्निग्ध पदार्थ, क्षार यांची गर्दी असते. त्यातून औषध योग्य द्रावकात ओढून घ्यावे लागते. सगळे येत नाही. द्रावक उडवून टाकावा लागतो. त्यात थोडे जाते. या जातीची औषधे काचेलाही चिकटून बसतात. मग वर्णलेखनाच्या स्तंभातून ते मिश्रण वाहू देतात आणि घटक वेगळे करतात. शेवटी विद्युत्‌भार देताना औषधाबरोबर मागे राहिलेले स्निग्ध पदार्थ आड येतात आणि औषधाचा आवाज दाबून टाकतात. ही गळती प्रत्येक नमुन्यात निराळी असते. ती आधीच ठरवून हिशेबात धरता येत नाही.

आता पाहा. एका रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात १२० नॅनोग्रॅम इमिप्रामीन आणि १२० नॅनोग्रॅम डेसिप्रामीन आहे, बेरीज २४०. म्हणजे सारे ठीक आहे. पण वाटेत निम्मे औषध गळाले आणि प्रयोगशाळेने १२० असा आकडा कळवला, तर डॉक्टर काय समजतील? औषध कमी पडते आहे! ते मात्रा वाढवतील आणि ज्याचे ठीक चालले होते त्याच रुग्णाला धोका निर्माण होईल. एका चुकीच्या आकड्याचा अर्थ असा असतो.

हायड्रोजनचा जड भाऊ

येथे आपला जड जुळा मदतीला येतो. साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन असतो. पण निसर्गात सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू असा सापडतो की, ज्याच्या केंद्रात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉनही असतो. तो दुप्पट जड असतो. हा हायड्रोजनचा समस्थानिक म्हणजे ड्यूटेरियम. अमेरिकेतील हॅरल्ड यूरी यांनी तो १९३१ साली शोधून काढला आणि त्याबद्दल त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ड्यूटेरियम किरणोत्सर्गी नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्याचे रासायनिक गुणधर्म साध्या हायड्रोजनसारखेच, वजन मात्र निराळे. पुढे १९३५ साली यूरींच्याच विद्यापीठात शोएनहायमर आणि रिटेनबर्ग यांनी शरीरात स्निग्ध पदार्थांचे काय होते हे शोधण्यासाठी खूण म्हणून ड्यूटेरियम वापरले.

ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने जड पाणी बनते. साध्या पाण्याच्या रेणूचे वजन १८, याचे २०. जड पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, बुडतो!

आणि आता थळला चला. तेथील खत कारखान्यात अमोनिया तयार करण्यासाठी नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचे मिश्रण लागते. शेजारीच जड पाण्याचा प्रकल्प १९८७ साली सुरू झाला. खत कारखान्याकडून येणारे वायुमिश्रण तेथे मोठ्या दाबाखाली द्रवरूप अमोनियाच्या संपर्कात आणतात. पोटॅशियम अमाइड या उत्प्रेरकाच्या साहाय्याने वायूतील ड्यूटेरियम अमोनियात शिरते आणि त्याच्या बदल्यात साधा हायड्रोजन वायूत जातो. ड्यूटेरियम काढून घेतलेला वायू खत कारखान्याला परत मिळतो. दुधावरची साय काढून घ्यावी आणि दूध परत करावे, तसाच हा व्यवहार. साय काढलेल्या या वायूपासून पूर्वीसारखेच खत होते.

जड पाणी मुख्यतः अणुभट्ट्यांसाठी लागते. पण ड्यूटेरियमयुक्त संयुगे बनवायची तर त्याची सुरुवातही जड पाण्यापासूनच होते.

जुळा कसा घडवतात?

इमिप्रामीनच्या रेणूत १९ कार्बन, २४ हायड्रोजन आणि २ नायट्रोजन अणू असतात. रेणुभार २८०. त्याच्या शेपटीकडील नायट्रोजनला दोन मिथाइल गट जोडलेले असतात. त्यांतला एक गट काढला की उरते ते डेसिप्रामीन.

जड पाण्याचे विद्युत्‌विघटन केले की ड्यूटेरियम वायू मिळतो. त्याचा कार्बन मोनॉक्साइडशी संयोग घडवून जड मिथेनॉल बनवता येते आणि त्यापासून जड मिथाइल आयोडाइड. हा जड मिथाइल गट डेसिप्रामीनला जोडला की इमिप्रामीन तयार होते. फरक एवढाच की, त्यातील तीन हायड्रोजनांच्या जागी तीन ड्यूटेरियम बसलेले असतात. रेणुभार २८३. साचा तोच, वजन तीनने जास्त! डेसिप्रामीनचाही असाच जुळा बनवतात.

तीनच का, एक का नाही? कारण निसर्गातील शंभर कार्बन अणूंपैकी सुमारे एक अणू मुळातच एकाने जड असतो. इमिप्रामीनमध्ये १९ कार्बन आहेत. त्यामुळे साध्या औषधातच २८१ वजनाचे रेणू बऱ्यापैकी असतात, २८२ चे थोडे. जुळा निदान तीनने जड असला म्हणजे घोटाळा टळतो. आणखी एक काळजी घ्यावी लागते. ड्यूटेरियम कार्बनलाच जोडलेले हवे. ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला जोडलेले ड्यूटेरियम पाण्यातील हायड्रोजनशी सहज अदलाबदल करते. मग खूणच पुसली जाते.

साक्षीदार सुरुवातीपासून हवा

आता पुन्हा आपल्या रुग्णाचा रक्तद्रव घ्या. काहीही करण्यापूर्वी त्यात दोन्ही जड जुळे १००-१०० नॅनोग्रॅम मिसळा. यालाच अंतर्गत मानक म्हणतात. म्हणजे नमुन्याच्या आत टाकलेले, प्रमाण आधीच माहीत असलेले माप. त्यानंतर सारी कामे नेहमीसारखी करा.

निम्मे औषध गळाले? मग जुळाही निम्माच उरला. मापकापर्यंत ६० नॅनोग्रॅम साधे इमिप्रामीन आणि ५० नॅनोग्रॅम जड इमिप्रामीन पोहोचले. गुणोत्तर १.२. आपण १०० टाकले होते, म्हणून मूळ औषध १०० गुणिले १.२, म्हणजे १२० नॅनोग्रॅम. निम्म्याऐवजी पाऊण गळाले असते तर? ३० आणि २५. गुणोत्तर पुन्हा १.२! डेसिप्रामीनचेही तसेच. बेरीज २४०. रुग्णाची मात्रा आहे तशीच राहते. प्रत्यक्षात प्रयोगशाळा आधी माहीत प्रमाणांची मिश्रणे करून गुणोत्तराचा आलेख काढतात. पण तत्त्व हेच.

मापकाला दोघे कसे ओळखू येतात? भार देताना प्रत्येक रेणूला एक प्रोटॉन चिकटतो, म्हणून साधा रेणू २८१ वर दिसतो आणि जड २८४ वर. नंतर मापक त्यांचे तुकडे करतो. साध्याच्या शेपटीचा तुकडा ८६ वजनाचा, जुळ्याचा ८९ चा. रेणू आणि तुकडा अशी दुहेरी ओळख पटल्यावरच नोंद होते.

साक्षीदार उशिरा आणला तर मात्र उपयोग नाही. गळती होऊन गेल्यावर जुळा मिसळला, तर त्याने ती गळती पाहिलेलीच नसते. आणि जुळाही अगदी हुबेहूब नसतो. ड्यूटेरियमची संख्या फार वाढवली तर तो वर्णलेखनाच्या स्तंभातून मूळ औषधाच्या किंचित आधी बाहेर पडतो आणि दोघांना एकच अडथळा भेटत नाही. म्हणून तीन, पाच असे बेताचेच ड्यूटेरियम पसंत करतात.

करून पाहा

हिवाळ्यात पोपटी लावताना वालाच्या शेंगा घरी येतातच. या प्रयोगासाठी सुके वाल घ्या. मित्राला काही वाल न मोजता एका पिशवीत भरायला सांगा. तुम्ही शंभर वालांना शाईचा ठिपका द्या, वाळू द्या आणि त्याच पिशवीत मिसळा. चांगले हलवा. आता दोन-तीन मुठी बाहेर काढा आणि मोजा. समजा, बिनठिपक्याचे ७२ आणि ठिपक्याचे २४ निघाले. गुणोत्तर ३. म्हणजे मित्राने सुमारे ३०० वाल भरले होते. किती मुठी काढल्या याला महत्त्व नाही, हे तुमच्या ध्यानात येईल. मात्र मुठी लहान घेतल्या तर उत्तर ढळते. असे का, याचा विचार तुम्हीच करा. ठिपके ओले असताना वाल एकमेकांना चिकटले तर काय होईल, हेही करून पाहा. जुळ्याने मूळ रेणूसारखेच वागले पाहिजे असे का म्हणतात, ते तेव्हा पटेल.

ही युक्ती फक्त रुग्णालयात वापरली जाते असे नाही. एखाद्या कारखान्याची नवी गोळी जुन्या, मान्यता मिळालेल्या गोळीइतकीच चांगली आहे हे सिद्ध करायचे, तर निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देतात आणि ठरावीक तासांनी रक्तातील औषध मोजतात. तेथेही नळीत प्रथम जड जुळा पडतो. धाटावसारख्या वसाहतींत बनणाऱ्या कच्च्या मालाची गोळी होते, ती गोळी रुग्णाच्या हातात पडते. मधल्या वाटेवर कोठेतरी अशी एक साक्ष झालेली असते.

मित्रांनो, अशा औषधांची मात्रा वाढवणे, कमी करणे किंवा औषध बंद करणे हे काम डॉक्टरांचेच. घरात कोणी हे औषध घेत असेल तर त्यांना एवढे जरूर सांगा. आणि पुढच्या वेळी पेणहून रोह्याला जाताना थळकडे वळणारे रूळ दिसले, तर त्या जड हायड्रोजनची आठवण ठेवा. एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा हिशेब चुकू नये म्हणून त्याचे तीन अणू पुरेसे असतात.