गॅलरीतले यंत्र, घरभर धूळ

दारावरची नावाची पाटी, देव्हाऱ्याची महिरप, शाळेच्या प्रकल्पासाठी लाकडात उठवलेला सह्याद्रीचा नकाशा अशा वस्तू कोरून देणारे संगणकचालित यंत्र आता कारखान्यातून घरात आले आहे. सीएनसी राउटर हे त्याचे नाव. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या हुकमावर चालणारे पहिले मिलिंग यंत्र १९५२ मध्ये दाखवले गेले, तेव्हा त्याचा नियंत्रक म्हणजे व्हॉल्व्हनी भरलेले भलेमोठे कपाट होते. आज तेच काम तळहातावर मावणारे अर्डुइनोचे पान करते. त्यावर चालणारी ‘ग्रबल’ ही आज्ञावली २००९ पासून फुकट उपलब्ध आहे. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालून सुटे भाग जमवणारे आणि सुट्टीच्या दिवसांत यंत्र जोडणारे हौशी कारागीर आता पुष्कळ आहेत.

हा छंद डोक्याला चालना देणारा आहे, यात शंका नाही. यंत्राची मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. नियंत्रक प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो आणि स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका मिलिमीटरला ४०० स्पंदने. १०० मिलिमीटर सरकायला सांगितल्यावर यंत्र ९८ मिलिमीटरच सरकले, तर ४०० च्या जागी सुमारे ४०८ हा आकडा भरायचा. असे हिशेब जुळवण्यात रात्री सरतात. मात्र या खटाटोपात एक गोष्ट मागे राहते. कारखान्यात अशा यंत्राभोवती धूळ ओढणारे पाइप, आवाज अडवणारे आवरण आणि हाताशी लाल बटण असते. घरी येणाऱ्या खोक्यात यातले बहुधा काहीच नसते.

नाकाने मोजलेली किंमत

लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो. पण इंग्लंडमधील हाय विकम हे गाव फर्निचरसाठी प्रसिद्ध. १९६० च्या दशकात तेथील कान-नाक-घसा शल्यचिकित्सक डॉ. एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले, की नाकाच्या आतल्या पोकळीत होणारा एरवी अत्यंत दुर्मीळ असा कर्करोग फर्निचर कामगारांमध्ये वारंवार दिसतो आहे. ही निरीक्षणे १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला.

याचा अर्थ रविवारी दोन तास यंत्र चालवणाऱ्याने धास्ती घ्यावी असा नाही. ते कामगार वर्षानुवर्षे, दिवसभर धुळीत उभे असत. घरातला धोका वेगळा आणि अधिक जवळचा असतो. सततच्या शिंका, नाक चोंदणे, कोरडा खोकला, दम्याचा झटका हे त्रास फार आधी सुरू होतात. सागवान आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या हातावर, मानेवर, पापण्यांवर खाजरे चट्टे उठतात. एमडीएफची फळी स्वस्त, सपाट आणि कोरायला सोपी म्हणून नवशिक्यांना आवडते. पण ती लाकडाचे बारीक तंतू बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेने चिकटवून बनवलेली असते. त्यामुळे तिचा भुसा पिठासारखा उडतो.

शिवाय कामगाराच्या धुळीचा त्रास मुख्यतः त्यालाच होई. गॅलरीतली धूळ मात्र वाळत घातलेल्या कपड्यांवर, स्वयंपाकघरात आणि दमा असलेल्या लेकराच्या किंवा आजीच्या छातीतही जाते.

भुसा हवा, पीठ नको

गंमत अशी, की यंत्र नीट लावणे हा आरोग्याचाही पहिला उपाय आहे. कापणारे बिट मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल आणि त्याला दोन धारा असतील, तर मिनिटाला ३६,००० काप बसतात. यंत्र मिनिटाला १,८०० मिलिमीटर सरकत असेल, तर प्रत्येक काप ०.०५ मिलिमीटर जाडीची ढलपी काढतो. ती जड असते, खाली पडते. नवशिका घाबरून वेग ३०० वर आणतो, तेव्हा प्रत्येक कापाच्या वाट्याला ०.०१ मिलिमीटरही लाकूड येत नाही. बिट कापण्याऐवजी घासते, तापते, लाकूड करपते आणि ढलपीऐवजी तरंगणारी बारीक धूळ निघते. मोठे कण नाकातच अडकतात. सुमारे १० मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र श्वासनलिकांपर्यंत आणि त्याहून सूक्ष्म कण फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतात. म्हणून सरकण्याचा वेग फार कमी ठेवायचा असेल, तर बिटचे फेरेही कमी करावेत आणि धार गेलेले बिट लगेच बदलावे. यंत्राची चौकट हलकी असेल, तर वेग घटवण्याऐवजी एका फेरीतल्या कापाची खोली कमी ठेवावी.

एमडीएफची धूळ मात्र कितीही वेग जुळवला तरी उडतेच. त्यासाठी यंत्र प्लायवुडच्या बंद पेटीत बसवावे, पुढे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे दार लावावे आणि बिटजवळ व्हॅक्यूमची नळी आणावी. साध्या गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. त्यामुळे हेपा गाळणी असलेला क्लीनर घ्यावा. काम संपल्यावर व्हॅक्यूम काही मिनिटे चालू ठेवून मगच दार उघडावे. झाडूने कोरडे झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. तोंडावर रुमाल बांधून भागत नाही, नीट घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

कान आणि बोटे

बंद पेटीचा दुसरा फायदा कानांना होतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९७ डेसिबलला ती फक्त अर्धा तास उरते. राउटर आणि व्हॅक्यूम एकत्र चालले, की तेवढा आवाज सहज होतो आणि एक नक्षीकाम तीन-तीन तास चालते. आंतरकर्णातील मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे इअरप्लग किंवा इअरमफ हवेतच.

बोटांचे गणित आणखी कठोर आहे. वर सांगितलेले बिट सेकंदाला ६०० काप मारते. हात दहाव्या भागाच्या सेकंदासाठी आत गेला तरी ६० काप बसतात. विळीने बोट कापले, तर कडा स्वच्छ असतात आणि टाके घालता येतात. इथे त्वचा, शिरा, नसा चघळल्यासारख्या होतात. म्हणून चालू यंत्रात हात घालू नये, अडकलेला भुसाही काढू नये. अंगठी, ओढणी, सैल बाही नको. हातमोजे तर मुळीच नकोत, कारण बिट त्यांना पकडून हात ओढून घेते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

लाल बटण लावताना एक खात्री करावी. अनेक घरगुती जोडण्यांत ते बटण यंत्राची हालचाल थांबवते, पण वेगळ्या प्लगवर असलेली राउटरची मोटर फिरतच राहते. बटणाने दोन्हींची वीज तुटली पाहिजे आणि बटणापर्यंत हात यंत्रावरून न नेता पोहोचला पाहिजे. लोखंडी-ॲल्युमिनियमच्या चौकटीला अर्थिंग असावे. तापलेल्या भुशातली ठिणगी व्हॅक्यूमच्या पिशवीत धुमसत राहू शकते. म्हणून यंत्र चालू ठेवून झोपायला किंवा बाजारात जाऊ नये.

तरीही अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. बोट तुटले असेल, तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. लगेच रुग्णालय गाठावे आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे.

कामाच्या दिवशी वाढणारा आणि सुट्टीच्या दिवशी कमी होणारा खोकला किंवा धाप हे धुळीचे लक्षण समजून डॉक्टरांना दाखवावे. एकाच नाकपुडीचे चोंदणे आठवडेन् आठवडे टिकले किंवा त्यातून रक्त आले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी टाळू नये. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर नोकरीबरोबर छंदही सांगावा. बँकेत काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात लाकडाची धूळ असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

यंत्राच्या खर्चाची यादी करताना मोटर, स्क्रू, बिट यांच्या आधी पेटी, हेपा व्हॅक्यूम, मास्क, चष्मा, इअरमफ आणि लाल बटण लिहावे. त्यातून पैसे उरले नाहीत, तर यंत्र दोन महिने उशिरा घ्यावे.