दुर्बिणीतून स्टोमा

गुदाशयातील गाठीने वाट अडली, गुदद्वाराशी जखम चिघळली किंवा आतड्याचा नवा जोड भरून येईपर्यंत त्यावरून मळ जाऊ द्यायचा नसला, की आतड्याचा भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला शिवतात. हाच स्टोमा. मोठ्या आतड्याची ती कोलोस्टोमी, लहान आतड्याची इलिओस्टोमी. बाहेर पडणारा मळ वर चिकटवलेल्या पिशवीत साठतो.

यासाठी पूर्वी पोट मधोमध उघडत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, आणि त्याच दशकात जगभर स्टोमाही या पद्धतीने होऊ लागले. हे काम दुर्बिणीला फार सोयीचे आहे, कारण बहुतेक वेळा काही कापून काढायचे नसते, जोडही घालायचा नसतो. बेंबीजवळच्या सुमारे एक सेंटिमीटरच्या छेदातून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, कॅमेरा आत घालतात आणि आणखी एकदोन छिद्रांतून आतडे चिमट्याने धरतात. आतड्याला पीळ पडलेला नाही आणि वरचे टोक कोणते, हे पडद्यावर दिसते. पोट न उघडता केवळ स्टोमाच्या भोकातून आतडे चाचपून ओढताना पीळ राहण्याची किंवा टोक चुकण्याची भीती असते. यकृतावर गाठी आहेत का, तेही त्याच वेळी पाहून तुकडा तपासणीला घेता येतो.

मात्र खरी कसोटी शस्त्रक्रियेआधीच्या खुणेची. छत्तीसगडमधल्या दुर्ग-भिलाईकडचा रुग्ण मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. बाई लुगडे किंवा साडी कमरेला घट्ट खोचते. म्हणून रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून पोटाच्या वळ्या पाहायच्या आणि पट्टा किंवा निऱ्या जिथे येतात ती जागा टाळून, पोटाच्या उभ्या स्नायूवर, रुग्णाला स्वतःला दिसेल अशी शाईची खूण करायची. ही पाच मिनिटे वाचवली, तर पिशवी रोज गळते आणि कातडी सोलवटते. छेद कितीही लहान असो, मग त्याचा उपयोग नाही.

आतडी फार फुगलेली असतील, आधीच्या शस्त्रक्रियांमुळे चिकटलेली असतील किंवा रुग्णाला पूर्ण भूल झेपणार नसेल, तर ही पद्धत टाळावी लागते.

इलिओस्टोमीतून मळ पातळ येतो आणि त्याबरोबर पाणी व मीठही जाते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकणाऱ्या दुर्ग-भिलाई भागात, त्यातही पोलाद कारखान्यात भट्टीजवळ काम करणाऱ्याला, याचा धोका मोठा. लघवी कमी झाली, पिशवी वारंवार भरू लागली, तर नुसते पाणी पीत न बसता ओआरएस घेऊन लगेच डॉक्टरांना गाठावे.

तात्पुरता स्टोमा खालचा भाग बरा झाल्याची तपासणी करून साधारण दोनतीन महिन्यांनी बंद करतात. किरणोपचार किंवा केमोथेरपी चालू असेल तर त्याहून उशिरा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आतडी आत कमी चिकटत असल्याने हे दुसरे कामही बहुधा सोपे जाते.