भाडेकरू घर सोडून गेला, वीजबिल मात्र थकले. आता भरायचे कोणी? घरमालकांसाठी नियम काय सांगतात

चामटोली, बदलापूर, वांगणी या पट्ट्यात फ्लॅट घेऊन तो भाड्याने देणारे अनेक मालक स्वतः मुंबईत, ठाण्यात किंवा पुण्यात राहतात. भाडे खात्यात जमा होते, ॲग्रीमेंट एजंट करून देतो, घराकडे वर्षातून एखादी फेरी होते. अशा वेळी भाडेकरू चावी एजंटकडे ठेवून निघून जातो आणि महिन्याभराने मालकाला महावितरणच्या थकबाकीचे बिल दिसते. भाडेकरूचा फोन लागत नाही आणि डिपॉझिट तर आधीच परत दिलेले असते. मग हे पैसे भरायचे कोणी?

थोडक्यात उत्तर असे: मीटर ज्याच्या नावावर, बिलाची जबाबदारी त्याची. ॲग्रीमेंटमध्ये काहीही लिहिलेले असले तरी महावितरणच्या दृष्टीने यात फरक पडत नाही.

महावितरणसाठी ‘ग्राहक’ कोण?

बिलावर ज्याचे नाव आणि बारा अंकी ग्राहक क्रमांक आहे, तोच ग्राहक. भाड्याच्या बहुतेक घरांत हे नाव मालकाचे असते. ‘वीजबिल भाडेकरू भरेल’ हे कलम ॲग्रीमेंटमध्ये हवेच, पण तो करार तुमच्यात आणि भाडेकरूत झालेला आहे. त्याच्या आधारे तुम्ही भाडेकरूकडून पैसे मागू शकता. ‘भाडेकरूने वापरली, त्याच्याकडून घ्या’ असे महावितरणला सांगता येत नाही.

मुदतीत बिल भरले नाही की १.२५ टक्के विलंब आकार लागतो. थकबाकी लांबली की त्यावर व्याज सुरू होते. त्यामुळे भाडेकरूशी वाद मिटेपर्यंत बिल तसेच ठेवणे मालकालाच महागात पडते. आधी बिल भरून पावती जपून ठेवा, मग वसुलीच्या मागे लागा.

मीटर दुसऱ्याच्या नावावर असेल तर?

काही वेळा जोडणी भाडेकरूने, विशेषतः दुकानासाठी, स्वतःच्या नावावर घेतलेली असते. काही वेळा फ्लॅट रिसेलमध्ये घेतलेला असतो आणि मीटर आधीच्या मालकाच्याच नावावर राहिलेले असते. अशा वेळी ‘माझे नावच नाही, मग माझा काय संबंध’ हा युक्तिवाद टिकत नाही. राज्याच्या वीजपुरवठा संहितेनुसार जुन्या मालकाची किंवा वापरकर्त्याची थकबाकी त्या जागेवरचा बोजा मानली जाते आणि ती नव्या मालकाकडून किंवा वापरकर्त्याकडून वसूल करता येते. मात्र याला मर्यादा आहे. वारसाच्या नावावर जोडणी होत असेल ते सोडून, इतरांकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या वीज आकाराचीच वसुली होऊ शकते. त्याहून जुनी रक्कम मागितली जात असेल तर लेखी हरकत घ्या.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या प्रकरणात हा मुद्दा तपासला. जागेची जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी मिळणार नाही, अशी अट नियमांत असेल तर ती वैध आहे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून रिसेल फ्लॅट किंवा गाळा घेताना सोसायटीच्या ना हरकत पत्राबरोबर शेवटचे वीजबिलही पाहून घ्या.

हे लक्षात ठेवा: सहा महिन्यांची मर्यादा नव्या मालकासाठी किंवा नव्या वापरकर्त्यासाठी आहे. मीटर तुमच्याच नावावर असेल तर तुम्ही मूळ ग्राहक आहात आणि ही सवलत तुम्हाला मिळत नाही.

वीज केव्हा तोडली जाऊ शकते?

विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम चुकीची वाटत असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यापैकी जी कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरता येते. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रार आधी स्थानिक महावितरण कार्यालयात द्यावी. तिथे तोडगा निघाला नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल असा मार्ग आहे.

‘आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा. थकबाकी आहे का, हे महावितरणच्या ॲपवर किंवा १९१२ वर विचारून खात्री करा.

भाडेकरू घरातच आहे, पण बिल भरत नाही

अशा वेळी मेन स्विच काढणे, वायर तोडणे किंवा पाण्याचा कॉक बंद करणे असे उपाय सुचवणारे बरेच भेटतात. ते ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ नुसार पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे वीज-पाणी तोडणे गुन्हा आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला कायद्याच्या भाषेत ‘भाडेकरू’ म्हणत नाहीत, तरीही हा मार्ग धोक्याचाच. थकबाकी भाडेकरूची असली तरी पोलिस तक्रार तुमच्यावर होऊ शकते. त्यापेक्षा व्हॉट्सॲप आणि ईमेलवर बिलाचा फोटो पाठवून मुदत द्या. ती पाळली नाही तर ॲग्रीमेंटमधील कलमानुसार घर सोडण्याची नोटीस द्या.

भाडेकरू निघून गेला. वसुली कशी करायची?

सर्वांत सोपी वसुली डिपॉझिटमधून होते. मात्र ‘थकीत वीज, गॅस, पाणी आणि मेंटेनन्सची रक्कम डिपॉझिटमधून वजा होईल’ असे ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेले हवे.

ॲग्रीमेंट नोंदणीकृत असणेही तितकेच महत्त्वाचे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे सिद्ध करणे मालकावर येते. म्हणजे ‘बिल भाड्यातच धरले होते’ असे भाडेकरू म्हणाला तर अडचण मालकाची होते.

डिपॉझिट परत दिले असेल तर वकिलामार्फत नोटीस आणि नंतर दिवाणी दावा हा पर्याय उरतो. त्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. रक्कम लहान असेल तर दाव्याचा खर्च त्याहून जास्त होतो. अशा वेळी विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंची तयारी लागते.

‘सगळी बिले भरली’ म्हणजे काय?

बहुतेक मालक इथेच फसतात. भाडेकरू ॲपवर ‘शून्य थकबाकी’ दाखवतो आणि मालक डिपॉझिट परत करतो. पण बिल शेवटच्या रीडिंगपर्यंतचेच असते. त्यानंतर वापरलेली वीज पुढच्या बिलात येते.

समजा, शेवटच्या बिलावर चालू रीडिंग ४,३२० आहे आणि घर सोडताना मीटरवर ४,४१० दिसते. म्हणजे ९० युनिट अजून बिलात आलेलेच नाहीत. मागचे बिल १२० युनिटचे १,२०० रुपये असेल, तर सरासरी १० रुपये युनिट. या हिशेबाने ९०० रुपये आधीच वजा करून ठेवा. प्रत्यक्ष बिल आल्यावर कमी-जास्त रक्कम देता-घेता येते.

दुसरा धोका सरासरी बिलाचा. घर बंद असल्याने किंवा मीटरपर्यंत पोहोचता न आल्याने रीडिंग झाले नाही तर सरासरीने बिल येते. प्रत्यक्ष वापर जास्त असेल तर तो सगळा फरक नंतरच्या एकाच बिलात येतो, तोवर भाडेकरू गेलेला असतो. म्हणून बिलावरचा रीडिंगचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळतो का, ते पाहा. नवा स्मार्ट मीटर बसला असेल तर वापर मोबाइलवरही पाहता येतो.

घर देताना आणि घेताना एवढे करा

• चावी देताना आणि घेताना दोघांनी मिळून मीटरचा फोटो काढावा. आकडा आणि तारीख ॲग्रीमेंटमध्ये किंवा ताबा पावतीवर लिहावी.

• महावितरणकडे मालकाचा मोबाइल क्रमांक नोंदवा. फक्त भाडेकरूचा असेल तर थकबाकीचे मेसेज तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

• दर महिन्याला ॲपवर एकदा बिल पाहा. एका महिन्याचे थकले की लगेच विचारा, तीन महिने थांबू नका.

• पाइप गॅसचे बिल दर महिन्याला येत नाही, त्यामुळे ते विसरले जाते. गॅस मीटरचे रीडिंगही टिपून घ्या.

• पाण्याचे बिल जीवन प्राधिकरणाचे आहे, ग्रामपंचायतीचे आहे की सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येते, हे आधीच ठरवा. सोसायटीकडून ‘बाकी नाही’ असे लेखी घ्या.

• डिपॉझिटमधील थोडी रक्कम शेवटचे बिल येईपर्यंत राखून ठेवण्याची अट ॲग्रीमेंटमध्ये घाला. ती किती दिवसांत परत करणार, हेही लिहा.

शेवटची अट भाडेकरूच्याही सोयीची आहे. मीटरचा फोटो आणि ताबा पावती हातात असेल तर त्याच्यानंतर राहायला आलेल्याचे बिल त्याच्या डिपॉझिटमधून कापता येत नाही.