फेरिटिन वाढलं म्हणजे लोह वाढलं का?

सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आणि रक्ताच्या अहवालात फेरिटिन ४८०, पुढे ठळक ‘हाय’. असा कागद हातात पडला की घरात लगेच पालक बंद, खजूर बंद, लोखंडी कढई माळ्यावर. यातल्या बहुतेक गोष्टींची गरज नसते.

फेरिटिन म्हणजे लोह नव्हे. लोह साठवून ठेवणारं ते प्रथिन आहे आणि शरीरात कुठेही दाह असला तरी ते वाढतं. फॅटी लिव्हर असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत ते वाढलेलं आढळतं, पण त्यातल्या अनेकांच्या यकृतात लोहाचा फारसा साठा नसतो.

काहींच्या यकृतात मात्र लोह खरोखरच साचतं. युरोपात अशा वेळी पहिला संशय हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराचा यायचा. त्याचं मुख्य जनुक १९९६ मध्ये सापडलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या रेन शहरातील डॉक्टरांनी एक वेगळा रुग्णगट नोंदवला. त्यांच्या यकृतात लोह होतं, पण रक्तातून लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिनची संपृक्तता अगदी नॉर्मल होती. बहुतेकांना लठ्ठपणा, मधुमेह किंवा रक्तातल्या चरबीचा त्रास होता.

या कोड्याचा बराचसा उलगडा हेप्सिडिनमुळे झाला. यकृतात तयार होणारं हे संप्रेरक पेशींमधून लोह बाहेर पडण्याचा मार्ग बंद करतं. लठ्ठपणातल्या मंद, सततच्या दाहामुळे ते वाढतं. मग आतड्यातून लोह कमी शोषलं जातं आणि साठ्यातलंही बाहेर येत नाही. कोठार भरलेलं, पण दुकानात माल नाही, अशी गत होते.

म्हणूनच वजन जास्त असलेल्या बाईला फॅटी लिव्हर आणि ॲनिमिया एकाच वेळी असू शकतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. तेव्हा हा मुद्दा आपल्याकडे खूप महत्त्वाचा आहे. नुसतं फेरिटिन नॉर्मल दिसतं म्हणून लोहाची कमतरता नाही, असं मानणं धोक्याचं आहे. दाहामुळे तो आकडा फुगलेला असू शकतो.

साचलेलं लोह यकृताच्या पेशींना इजा करणारे मुक्त कण तयार करतं. मग ठरावीक काळाने रक्त काढून लोह कमी करावं, हा विचार साहजिक होता. ऑस्ट्रेलियात तशी चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्त काढलेल्या रुग्णांच्या यकृतात इतरांपेक्षा जास्त सुधारणा दिसली नाही. वजन ७ ते १० टक्के घटलं, तर मात्र यकृताची सूज उतरते. ८० किलोच्या माणसासाठी हे साधारण ६ ते ८ किलो झाले.

फेरिटिन १,००० च्या वर असेल किंवा ट्रान्सफेरिन संपृक्तता ४५ टक्क्यांहून जास्त असेल, तर यकृततज्ज्ञांना भेटायला हवं. दारू, थॅलेसेमिया, वारंवार रक्त चढवणं ही कारणंही तपासली जातात. आणि ॲनिमियासाठी लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर फॅटी लिव्हरचा अहवाल आला म्हणून त्या परस्पर थांबवू नयेत.