कमरेवरची मूठ

कराटेच्या वर्गात काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, बहुतेकदा पुढच्या पट्ट्यासाठी घोटली जाते. एक हात पुढे, दुसरी मूठ कमरेशी. ती मूठ तिथे कशाला, हे फारसं कोणी विचारत नाही. ओकिनावातल्या जुन्या समजुतीप्रमाणे त्या मुठीत समोरच्याचा हात असतो! समजा, कुणी तुमचं मनगट धरलं. हात वळवून उलट त्याचंच मनगट पकडायचं आणि कमरेकडे खेचायचं. त्याचा हात ताठ होतो, तोल पुढे जातो. मग ‘खालचा बचाव’ म्हणून शिकवलेला दुसरा हात त्याच्या कोपराच्या जरा वर दाबला, की माणूस वाकतो. हीच हालचाल जोरदार लाथ अडवायला आहे, हे मला तरी कधी पटलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसू आंको यांनी ओकिनावाच्या शाळांत कराटे नेलं. तिथे कवायतीचा भाग वाढला, पकडी आणि मुरगळे मागे पडले. ते पुन्हा शोधण्याच्या अभ्यासाला बुंकाई म्हणतात. तो जोडीदाराबरोबरच करावा, आणि जोडीदाराने मनगट खरंच आवळून धरावं. भिडेखातर सैल धरलेला हात कुठल्याही युक्तीने सुटतो.